तिसरा थर विभाचा

सुबोध गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये दही शोधताना मला तो डबा सापडला. पत्र्याचा, गोल, चपटा, लोणच्याच्या बरणीमागे सरकवलेला. वर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्याचं गिचमिड अक्षर: १ मारायके, २ मी, ३ विभा. दोन नंबरपुढे तारीख घातली होती. तो गेला त्याच दिवसाची.

मी फ्रिजचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिले. फ्रिज बीप बीप करायला लागला तेव्हा आमची गार्गी आली. पंधरा वर्षांची आहे, जन्मापासून इथे परदेशातच, त्यामुळे मराठी समजतं पण उत्तर इथल्या लाह-वाल्या इंग्रजीत येतं. "आई, डोन्ट ओपन दॅट लाह," ती म्हणाली, "इट्स नॉट डेव्हलप्ड. बाबा विल किल यू." आणि आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन ती तिथेच फरशीवर बसली. मी डबा होता तिथे ठेवला आणि दार लावलं.

हे सगळं खूळ हॉलंडचं. गार्गी लहान असताना कंपनीने सुबोधला तीन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. मी चांगी बिझनेस पार्कमध्ये नुकती मॅनेजर झाले होते, म्हणून आम्ही दोघी इथे बेडोकच्या घरी राहिलो आणि तो एकटा गेला. लोक तिकडून चीज आणतात, हा छंद घेऊन आला. एका बंद पडलेल्या शाळेत दर रविवारी काही मंडळी जमायची आणि जुन्या चावीच्या कॅमेऱ्यांवर छोट्या फिल्म्स करायची. मारायके नावाची सत्तरीतली बाई त्यांची म्होरकी. गोष्ट नाही, नट नाहीत, आवाज नाही. एक रीळ म्हणजे पावणेतीन मिनिटं, तेवढीच फिल्म. कापाकापी करायची नाही, जे निघालं ते निघालं.

त्याने मला एकदा पडद्यावर दाखवल्या होत्या. एका फिल्ममध्ये वाळत घातलेली चादर होती, दुसरीत नुसता बांध आणि बांधावरून जाणारं मेंढरू. तिसरीत मारायकेने फिल्मवर कांद्याची सालं चिकटवून तीच प्रोजेक्टरमधून फिरवली होती. मी पावणेतीन मिनिटांत झोपून दाखवलं. "पाण्याकडे बघत बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या, एवढंच ना?" असं म्हणाले होते. तो हसला होता. त्याला राग यायचा नाही, किंवा यायचा आणि तो दाखवायचा नाही. अठरा वर्षांत यातलं कोणतं खरं ते मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली. मला हे आमटी वाढताना सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात ती फिल्म म्हणजे माझी सवत होती, आणि मी तिच्याशी सवतीसारखीच वागले.

त्या मंडळींचा एक खेळ होता, तीन थरांचा. एकाने रीळ पूर्ण चित्रित करायचं, पण धुवायचं नाही. परत सुरुवातीपर्यंत गुंडाळून दुसऱ्याला पाठवायचं. दुसऱ्याने त्याच फिल्मवर परत चित्रण करायचं, मग तिसऱ्याने. आधीच्याने काय टिपलंय ते कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. तिघांचं एकमेकांवर चढलेलं चित्र शेवटी धुतल्यावरच दिसणार. मारायकेने तिचा थर करून रीळ इकडे पाठवलं होतं, आणि तिसरा थर मी करावा असं सुबोधच्या मनात होतं. शेवटच्या रात्री जेवताना त्याने परत विचारलं. "फक्त पावणेतीन मिनिटं, विभा. काहीही टिप. फक्त एकच गोष्ट लक्षात ठेव, ऐक तरी..." मी ऐकलं नाही. मी म्हणाले, "मला तुझ्या या पोरखेळात ओढू नकोस. दिवसभर माणसं सांभाळून घरी येते मी, इथे अजून एक मूल नकोय मला." त्याने ताट उचललं, धुतलं, झोपायला गेला. सकाळी मी आठला निघाले तेव्हा तो पाठ करून झोपला होता, निदान मला तसं वाटलं. मी हाक मारली नाही. दहा वाजता ऑफिसात फोन आला. इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कोपी म्हणजे इथली कॉफी घ्यायला रांगेत उभा होता आणि तिथेच कोसळला. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल.

कळलं नसेल हे ठीक, पण आठ ते दहाच्या मधे त्याच्या मनात काय होतं? माणूस माझ्यावर रागावून गेला की नाही, एवढंच मला हवं होतं. बाकी सांत्वनाला आलेल्यांनी जे जे सांगितलं त्यातलं काहीच मला ऐकू आलं नाही. आणि त्या दोन तासांत त्याने काय केलं ते फ्रिजमध्ये लोणच्यामागे होतं.

मी मारायकेला मेल केली. सुबोध गेला, त्याचा थर झाला आहे, तो तसाच धुवून घेऊ का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वाईट वाटल्याचं एका ओळीत होतं आणि मग होतं: "धुवू नकोस. त्याने तिसरं नाव लिहिलं असेल तर तिसरा थर झाल्याशिवाय ती फिल्म नाहीच. त्याने काय टिपलं ते मला ठाऊक नाही. माझं मात्र सांगते, नियम मोडून: घराजवळच्या कालव्याचं पाणी, संध्याकाळचं. त्यावर टिपायला घाबरू नकोस." बाई रोखठोक होती. मला आवडली, आणि आवडली म्हणून तिचा रागही आला.

बाराव्या दिवशी आमच्या सासरी एक रीत आहे. माणूस घरात जिथे झोपायचा तिथे संध्याकाळी जमिनीवर तांदळाचं पीठ चाळून पसरतात, पिठावर दिवा ठेवतात, आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचा पाय, सापाची रेघ, माणसाचं पाऊल. जे दिसेल त्या योनीत माणूस गेला. सासूबाईंना पुण्याहून येणं शक्य नव्हतं, ऐंशीच्या पुढे आहेत, पण रोज फोनवर आठवण करत होत्या. "पीठ चाळणीनेच पसर हं विभा. हाताने नको. हाताचे वळ उठतात आणि मग काही कळत नाही." माझा यावर कवडीचा विश्वास नाही. पण म्हाताऱ्या बाईचा मुलगा गेला होता, आणि तिला एवढंच हवं होतं.

तेव्हा मला सुचलं की तिसरा थर हाच करावा. दुसरं टिपण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय?

संध्याकाळी सहाला मी बेडरूमच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, एसी बंद केला. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून त्यावर शॉवर कॅप चढवली. सुबोधच्या बाजूचा पलंग सरकवून काळसर फरशी मोकळी केली. गार्गीने कॅमेरा तिवईवर चढवून फरशीकडे रोखला. बाबाने तिला सगळं शिकवलं होतं. डब्यातलं रीळ बाहेर काढून तिने बघितलं आणि म्हणाली, "आई, आर यू शुअर? मस्ट रिवाइंड फर्स्ट, नो?"

"तुझा बाबा काम अर्धवट ठेवणारा नव्हता," मी म्हणाले. "गुंडाळूनच ठेवलं असणार. घाल."

हे मी कोणत्या तोंडाने म्हणाले कोण जाणे. जिवंतपणी मी त्याला दिवसातून दोनदा अर्धवट म्हणत होते. गार्गीने रीळ घातलं, चावी दिली आणि बाहेर गेली. खटका मी दाबला, ज्याचा थर त्यानेच तो दाबायचा या मारायकेच्या नियमाप्रमाणे. घरघर सुरू झाली, पण आत काही फिरतंय की नुसताच आवाज येतोय ते कळेना. लेन्सवर झाकण राहिलं नाही ना, म्हणून मी पुढे येऊन वाकून बघितलं. बारा दिवस साठलेलं सगळं त्या डबड्यावर काढलं. "चालतंय की नाही हे मेलं? बोल की!" असं काहीतरी म्हणाले. झाकण नव्हतं. मी मागे झाले, चाळणी घेतली आणि पीठ चाळायला बसले.

अर्ध्या मिनिटाने चावी संपायची. मी उठून चावी द्यायची, खटका दाबायची, पुन्हा बसायची. पीठ पसरलं, मधोमध पणती ठेवली, पेटवली. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तर ज्योतीकडे बघत राहिले. तेवढ्यात ज्योत वाकली. कोणी जवळून गेल्यावर वाकते तशी, डावीकडे, आणि परत सरळ झाली. थोड्या वेळाने पुन्हा. दारात उभी राहून गार्गी बघत होती. "व्हाय द फायर लाइक दॅट?" ती म्हणाली. "नोबडी ओपन विंडो व्हॉट." मी तिला गप्प बस म्हणाले. पाच वेळा वाकली. मोजायचं म्हणून मोजलं नाही, पण दुसरं काय करणार होते? मग कॅमेऱ्यातून फिल्मचं टोक सुटल्याचा फटफट आवाज आला आणि मी खटका सोडला. टोपली घरात नव्हती, कपड्यांची प्लास्टिकची बास्केट पालथी घातली.

सकाळी बास्केट उचलली. पीठ चाळलं होतं तसंच होतं. पणती विझलेली, बाजूला काजळीचा एक ठिपका, बस. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. मला यावर विश्वास नाही असं आत्ताच सांगितलं ना? तरी मी त्या पिठाशेजारी बसून रडले, त्याने यायलाच नकार दिल्यासारखं. सासूबाईंचा फोन आला. "काय उमटलं गं?" मी म्हणाले, "पाऊल, आई. माणसाचं. चांगलं सरळ."  मग त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई." आणि फोन ठेवला.

फिल्म धुणार होता वरद. वरद पुण्याचा, इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पोस्टडॉक करतो. सुबोधचा चेला. सेम्बावांगला शिपयार्डाजवळ ब्रिटिश नेव्हीच्या काळातली एक जुनी इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर त्याने आणि आणखी दोघांनी अंधारखोली केली आहे. शनिवारी दुपारी आम्ही मायलेकी डबा घेऊन गेलो. भिंतींना ओल आली होती आणि सगळीकडे व्हिनेगरचा वास होता.

"वहिनी, तुम्ही काय टिपलंत?" त्याने विचारलं आणि लगेच जीभ चावली. "सॉरी. विचारायचं नसतं."

"पीठ," मी म्हणाले. "बाराव्याचं पीठ आणि दिवा."

त्याने डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "पांढरं?"

"तांदळाचं पीठ काळं असतं का?"

"फ्रेममध्ये किती होतं? म्हणजे, थोडं की..."

"भरपूर. का?"

त्याने सांगितलं ते असं. एकाच फिल्मवर तीनदा चित्रण करायचं तर उजेड जपून वापरावा लागतो. काळोखी जागा फिल्मला काही करत नाही, तिथे आधीचं चित्र टिकतं. पांढरी जागा आधीचं सगळं खाऊन टाकते. म्हणून तिसऱ्याने अंधारात, एखाददुसरी उजळ गोष्ट टिपायची. मारायकेच्या शाळेत हे पहिल्याच रविवारी शिकवतात. "दादांनी सांगितलं असेलच तुम्हाला," तो म्हणाला.

सांगत होता. फक्त एकच गोष्ट लक्षात ठेव, ऐक तरी, इथपर्यंत सांगून झालं होतं त्याचं. मी स्टुलावर बसले. म्हणजे त्याची शेवटची सकाळ मी माझ्या हाताने, नीट चाळणीने चाळून, पिठाखाली पुरली होती. मला एवढी भीती त्याच्या जाण्याच्या फोनवरही वाटली नव्हती. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता ते दारापलीकडे, वरदच्या ताटल्यांमध्ये, होत होतं.

तो दोन तास आत होता. बाहेर आला तेव्हा ओली फिल्म दोरीवर होती, पावसात वाळत घातलेल्या कपड्यांसारखी इकडून तिकडे. ती सुकली, मग त्याने ती एका यंत्रातून चित्र चित्र करून कॉम्प्युटरवर घेतली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. खिडकीतून शिपयार्डाच्या क्रेन दिसत होत्या. "लावू?" त्याने विचारलं. गार्गी माझ्या दंडाला चिकटून बसली, लहानपणी बसायची तशी.

सुरुवातीला माझंच थोबाड. लेन्समध्ये डोकावणारं, एवढं मोठं, धुरकट, आणि त्यावर काहीतरी काळंपांढरं हलत होतं. स्वतःचं तोंड तसं बघवेना, मी मान फिरवली. परत बघितलं तेव्हा माझे हात पीठ चाळत होते. सगळ्या चित्रावर बारीक चमचम सरकत होती, ते मारायकेचं पाणी. पीठ जसजसं पसरलं तसतसं त्याखाली सगळं पांढरं झालं, वरद म्हणाला तसं, ठार पांढरं. ज्योत पेटली. पणतीच्या वर, चित्राच्या वरच्या बाजूला फरशीचा काळा पट्टा उरला होता. आणि तिथे पावलं आली.

ती वरून लोंबत होती. तळवे वरच्या कडेला टेकलेले, घोटे खाली, जसं कोणी छतावर चालत असावं. अनवाणी. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. एका पेटीवर आपटलं होतं, मीच त्याला हळद लावली होती. पावलं मागे मागे चालत होती. चवडा आधी उचलायचा, मग टाच, आणि माणूस पाठीच्या दिशेने जात राहायचा. पलीकडच्या कडेला गेली आणि तशीच मागे मागे परत आली.

"उलटे पाय," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले की मनात, आठवत नाही. ज्या घरात मी वाढले तिथे उलटे पाय कोणाचे असतात हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी त्याच्या आईला सांगितलं होतं, चांगलं सरळ पाऊल उमटलं म्हणून.

पावलं पणतीच्या वर आली आणि ज्योत वाकली, डावीकडे.

"स्टॉप," गार्गी ओरडली. "स्टॉप, स्टॉप."

वरदने थांबवलं. तो माझ्याकडे बघेना. मी म्हणाले, "पुढे ने." पावलं फिरून आली आणि ज्योत परत वाकली. पावलं त्याची, त्या सकाळची. ज्योत माझी, बारा दिवसांनंतरची. मधे खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता. मी मोजत गेले. पाच वेळा पाऊल वरून गेलं आणि पाच वेळा ज्योत वाकली, ज्या क्षणी गेलं त्याच क्षणी. मग पावलं कडेला जाऊन नाहीशी झाली आणि फिल्म संपली.

 मग वरदने फिल्मचं एक टोक दिव्यासमोर धरलं, दुसरं टोक धरलं, आणि म्हणाला, "वहिनी, रीळ घालण्याआधी परत गुंडाळलं होतं का?"

गार्गीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"दादांनी त्यांचा थर करून तसंच डब्यात ठेवलं असणार. गुंडाळायचं राहिलं," वरद म्हणाला. "तुम्ही शेपटाकडून घातलंत. म्हणून तुम्ही सरळ दिसता तेव्हा ते उलटे दिसतात. डोकं खाली, चालणं मागे. दुसरं काही नाही." शेवटचे तीन शब्द तो स्वतःलाच सांगत होता.

"आणि ज्योत?"

"ज्योतीचं मला माहीत नाही," तो म्हणाला. खरं बोलला, म्हणून मला तो त्या दिवसापासून आवडतो.

मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, एवढं तरी यायला हवं. "म्हणजे फिल्म उलटी करून शेवटाकडून लावली तर तो सरळ दिसेल."

"हो. पण मग तुम्ही उलट्या दिसाल."

"दोघं एकदम सरळ?"

"नाही. ते आता होणार नाही."

"माझं काय बघायचंय," मी म्हणाले. "लाव."

त्याने दोन बटणं दाबली. आता सुबोध सरळ होता. पावलं जमिनीवर होती आणि पुढे चालत होती. आमच्या बेडरूममध्ये तो येरझारा घालत होता, विचार करताना घालायचा तशा. त्याच्या वर, छताला, माझं पीठ चिकटलं होतं आणि त्यात ज्योत खाली डोकं करून जळत होती. तो तिच्याखालून गेला की ती वाकायची. मग ज्योतीजवळ माझा हात आला, काडी आली आणि ज्योत काडीत शिरून विझली. माझ्या हातांनी चाळणी धरली आणि पीठ छतावरून सुटून चाळणीत परत जायला लागलं. पांढरं आकसत गेलं. जिथे जिथे पीठ उठलं तिथे तिथे खालून आमची खोली दिसू लागली. खिडकीतला सकाळचा उजेड, न आवरलेला पलंग, माझी उशी. मी रीळ बरोबर घातलं असतं तर त्याचा शेवट माझ्या शेवटावर आला असता आणि पिठाने हे सगळं झाकलं असतं. वरदच्याही ते लक्षात आलं. 

पीठ पूर्ण नाहीसं झालं आणि सुबोध कॅमेऱ्याकडे आला. लेन्ससमोर गुडघे टेकून बसला. दाढी वाढलेली, केस उभे, नुकता उठलेला. तो सरळ माझ्याकडे बघत होता. रागाचा मागमूस नव्हता. मला राग शोधायचा होता म्हणून मी कपाळावर शोधला, भुवयांत शोधला, डोळ्यांच्या कडांना शोधला. नव्हता. दूध उतू गेलं हे मला कसं सांगावं असा विचार करतानाचा त्याचा जो चेहरा, तो होता. रोजचा. आणि मग त्याने तोंड उघडलं, काहीतरी बोलला.

ते मला वाचता आलं नाही. कारण तेव्हाच वरून माझं तोंड आलं, उलटं, कॅमेऱ्यात डोकावणारं, आणि त्याच्या तोंडावर बसलं. त्याच्या ओठांवर माझे डोळे होते. ओठ हलत होते आणि त्यांच्यावर माझे डोळे उघडझाप करत होते. त्याच्या कपाळावर माझं तोंड होतं आणि तेही हलत होतं. तो बोलला, थांबला. माझे ओठ हलेपर्यंत थांबला, उत्तराची वाट बघितल्यासारखा. मग त्याने मान हलवली, हो म्हटल्यासारखी. चित्र पांढरं झालं. संपलं.

"अगेन," गार्गी म्हणाली. वरदने परत लावलं. परत. चौथ्या वेळी मी त्याला म्हणाले, "माझा चेहरा काढता येईल का रे? नुसते ओठ दिसले तरी चालेल. अठरा वर्षांचा संसार आहे, मी ओळखीन."

"कशातून काढू, वहिनी?" तो म्हणाला. "ही दोन चित्रं नाहीत. एकच आहे."

मला माहीत होतं. ऑफिसात एक थर बंद करून दुसरा बघायची सवय असते, म्हणून विचारलं. वरदने माझ्यासाठी ते दोघांच्या चेहऱ्यांचं चित्र थांबवून ठेवलं आणि चहा करायला उठला. गार्गी जवळ येऊन पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा इज नॉट अँग्री, आई. सी." तिचं बोट बरोबर होतं. मग तेच बोट हळूहळू वर सरकलं, त्याच्या कपाळावर माझे दात होते तिथे.

माझ्या भुवया आवळलेल्या होत्या. ओठ मागे ओढले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. कॅमेऱ्यावर ओरडत होते मी, बोल की म्हणून, आणि त्याच वेळी तो बोलत होता. आम्हा दोघांत रागावलेली मी एकटी होते.